गुन्हा नाही, तरी राजीनामा: एलियट स्पिट्झर आणि बँकेचा एक अहवाल

तुमचे प्रश्न तीन आहेत. न्यूयॉर्कचे गव्हर्नर एलियट स्पिट्झर यांच्यावर शेवटपर्यंत एकही गुन्हा दाखल झाला नाही, तरी मार्च २००८ मध्ये ते वेश्याव्यवसायाच्या एका टोळीचे ग्राहक असल्याची बातमी फुटल्यावर दोन दिवसांत त्यांनी राजीनामा का दिला? त्यांना बँकेने पकडलं की वॉल स्ट्रीटने सूड उगवला? आणि दहा हजार डॉलरच्या ज्या मर्यादेबद्दल सगळीकडे लिहिलं जातं, ती नेमकी काय भानगड आहे? मी बँकेत बावीस वर्षं काढली. त्यातली शेवटची चौदा संशयास्पद व्यवहार तपासण्यात गेली, म्हणजे आमच्या भाषेत एसटीआर (संशयास्पद व्यवहाराचा अहवाल) डेस्कवर. नव्या मुलांना प्रशिक्षण देताना हे प्रकरण मी दरवर्षी घ्यायचे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी एक गोंधळ दूर करू. गव्हर्नर म्हटलं की आपल्याला राजभवन, शपथविधी आणि अभिभाषण आठवतं. अमेरिकेतला गव्हर्नर तसा नसतो. तो थेट लोकांनी निवडून दिलेला राज्याचा कार्यकारी प्रमुख असतो. अर्थसंकल्प तो मांडतो, विधेयकं तो अडवतो, नेमणुका तो करतो. म्हणजे आपल्याकडचा मुख्यमंत्रीच, फक्त बहुमत गेलं म्हणून पायउतार न होणारा. त्याला दिल्लीहून परत बोलावणारं कुणी नसतं. काढायचं तर विधिमंडळात महाभियोग चालवावा लागतो, आणि न्यूयॉर्कमध्ये तसा काढलेला एकच गव्हर्नर आहे, १९१३ मधले विल्यम सल्झर. म्हणून स्पिट्झर यांचा राजीनामा हा खरोखर त्यांचा स्वतःचा निर्णय होता. तो त्यांना का घ्यावा लागला हे समजायला त्यांची कारकीर्द बघावी लागते.

माणूस गडगंज घरातला. वडील बर्नार्ड स्पिट्झर न्यूयॉर्कमधले बडे बांधकाम व्यावसायिक. स्वतः प्रिन्स्टन आणि मग हार्वर्डमध्ये कायदा शिकलेला. मॅनहॅटनच्या सरकारी वकिलांच्या कार्यालयात असताना त्यांनी गँबिनो टोळीला हात घातला. या टोळीने शहरातल्या कपड्यांच्या धंद्याची मालवाहतूक मुठीत ठेवली होती. स्पिट्झर यांच्या पथकाने साक्षीदारांच्या मागे धावण्याऐवजी स्वतःच कपडे शिवण्याचा एक खोटा कारखाना थाटला, टोळीच्या कार्यालयात छुपे मायक्रोफोन बसवले आणि मालवाहतुकीचे दर कोण ठरवतं याचे पुरावे गोळा केले. १९९२ मध्ये गँबिनो बंधूंनी तडजोड केली. १.२ कोटी डॉलर दंड भरला आणि धंद्यातून बाहेर पडण्याचं कबूल केलं, तुरुंग टळला. माझ्या कामाच्या दृष्टीने यातली गोष्ट एवढीच की या माणसाला पैसा कुठून कुठे जातो ते वाचता येत होतं.

१९९४ ला राज्याच्या ॲटर्नी जनरल, म्हणजे मुख्य सरकारी वकील, या पदासाठी पक्षांतर्गत निवडणुकीत ते चौघांत चौथे आले. १९९८ ला मात्र निवडून आले. चाळीस लाखांवर मतदान झालं आणि फरक होता साधारण पंचवीस हजार मतांचा. मोजणी आठवडेच्या आठवडे चालली. या निवडणुकीतली एक बाब बहुतेक लोक वगळतात, मी वगळत नाही. १९९४ च्या प्रचाराचं कर्ज प्रत्यक्षात वडिलांच्या पैशातून फेडलं गेलं, हे आधी लपवलं होतं आणि ते त्यांना निवडणुकीच्या तोंडावर कबूल करावं लागलं. पैसा कुणाचा हे झाकण्याची सवय तेव्हापासूनची, असं मी म्हणणार नाही. पण फाइलवर शेरा मारायचा झाला तर मी इथे पेन्सिलीने छोटीशी खूण केली असती.

पुढची आठ वर्षं त्यांची. १९२१ चा मार्टिन ॲक्ट नावाचा न्यूयॉर्कचा एक कायदा आहे. रोखे बाजारातल्या फसवणुकीसाठी तो ॲटर्नी जनरलला भलताच अधिकार देतो, पण तो तेव्हा जवळजवळ धूळ खात पडला होता. स्पिट्झर यांनी तो बाहेर काढला. मेरिल लिंच या दलाली पेढीचे विश्लेषक लोकांना जे शेअर घ्या म्हणून सांगत होते, त्यांचीच आपापसातल्या ई-मेलमध्ये टवाळी करत होते. स्पिट्झर यांनी त्या ई-मेल जाहीर केल्या आणि २००२ मध्ये मेरिलने १० कोटी डॉलर मोजले. पुढच्या वर्षी दहा बड्या पेढ्यांशी मिळून सुमारे १.४ अब्ज डॉलरची तडजोड झाली. मग म्युच्युअल फंडांतले वेळेनंतरचे सौदे, मग विमा दलालांची छुपी दलाली, मग न्यूयॉर्क शेअर बाजाराचे प्रमुख रिचर्ड ग्रासो यांचा जवळपास १४ कोटी डॉलरचा मेहनताना. एआयजी या विमा कंपनीचे सर्वेसर्वा मॉरिस ग्रीनबर्ग यांना २००५ मध्ये खुर्ची सोडावी लागली. वर्तमानपत्रं त्यांना वॉल स्ट्रीटचा शेरीफ म्हणू लागली.

त्यांची पद्धत बघा. खटला शेवटपर्यंत नेण्याची वेळ फारशी यायचीच नाही. ई-मेल आणि नोंदी हातात घ्यायच्या, त्या लोकांसमोर ठेवायच्या, आणि समोरच्याचा भाव इतका पाडायचा की त्याने न्यायालयाबाहेरच शरण यावं. शिक्षा निकालातून येत नसे, बदनामीतून येत असे. पुढे त्यांच्याच बाबतीत हेच घडलं.

नोव्हेंबर २००६ मध्ये ते सुमारे ६९ टक्के मतं घेऊन गव्हर्नर झाले. पहिल्याच दिवसापासून सगळं बदलेल, ही त्यांची घोषणा. बदललं एवढंच की ऑल्बनीत, म्हणजे राज्याच्या राजधानीत, त्यांना एकही मित्र उरला नाही. विरोधी पक्षाच्या एका नेत्याला त्यांनी शिवी घालून सांगितलं की मी रोडरोलर आहे, चिरडून टाकीन. जुलै २००७ मध्ये नवीन ॲटर्नी जनरल अँड्र्यू कुओमो यांचा अहवाल आला. राज्य सिनेटमधले प्रतिस्पर्धी जोसेफ ब्रुनो सरकारी विमानं कशी वापरतात याची माहिती गव्हर्नरच्या माणसांनी राज्य पोलिसांकडून काढवून वर्तमानपत्राला पुरवली होती. (हेच कुओमो पुढे गव्हर्नर झाले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये लैंगिक छळाच्या आरोपांवरून पायउतार झाले, तेही त्या वेळच्या ॲटर्नी जनरलच्या अहवालानंतर. ऑल्बनीचं पाणीच तसं असावं.) त्यानंतर कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांना वाहन परवाने देण्याची योजना आली आणि दोन महिन्यांत मागे घ्यावी लागली. वर्षभरात कमावलेलं बरंचसं गमावून बसले होते.

आता बँक.

२००७ मध्ये नॉर्थ फोर्क नावाच्या बँकेत स्पिट्झर यांच्या खात्यातून काही रकमा एका कंपनीकडे गेल्या. तेव्हाच्या बातम्यांनुसार दहा हजार डॉलरच्या वरची रक्कम लहान तुकडे पाडून पाठवली गेली. मग त्यांनी बँकेला विचारलं की या व्यवहारावरून माझं नाव काढता येईल का. बँकेने सांगितलं, पैसे गेलेत, आता काही होत नाही.

आमच्या डेस्कवरचा माणूस हे वाचून इथेच थांबतो. रक्कम किरकोळ आहे, खातेदार श्रीमंत आहे, पैसे त्याचेच आहेत. नुसते तुकडे पाडले असते तर कदाचित एखाद्याने "सोय म्हणून केलं असेल" असं लिहून अलर्ट, म्हणजे संशयाचा इशारा, बंद केला असता. पण पैसे पाठवून झाल्यावर नाव खोडायला सांगणारा ग्राहक? तो अलर्ट कुणी बंद करत नाही, आणि नॉर्थ फोर्कचा अहवाल सरकारकडे गेला. मी तर मुलांना सांगायचे, रक्कम नंतर बघा, आधी ग्राहक काय मागतोय ते ऐका.

दुसरीकडे, पैसे जात होते त्या कंपनीचा माग एचएसबीसीमधून लागला. क्यूएटी या नावाने कागदावर सल्लागाराचा धंदा होता. प्रत्यक्षात सल्ला नाही, कर्मचारी नाहीत, फक्त ठिकठिकाणच्या पुरुषांकडून येणाऱ्या रकमा. अशी खाती आम्ही एका नजरेत ओळखतो: जमा भरपूर, पण धंद्याला लागणारा खर्च कुठेच नाही. ना वीजबिल, ना पगार, ना प्रवास. त्या बँकेनेही अहवाल दिला. दोन वेगवेगळ्या बँकांच्या दोन अहवालांनी लाँग आयलंडवरच्या कर खात्याच्या तपासनिसांना एकाच कंपनीपाशी नेलं. त्यांना सुरुवातीला वाटलं लाच असावी, किंवा कुणी गव्हर्नरला ब्लॅकमेल करत असावं. वेश्याव्यवसाय कुणाच्याच डोक्यात नव्हता.

ती कंपनी होती एम्परर्स क्लब व्हीआयपी या नावाने चालणाऱ्या महागड्या सेवेची आर्थिक बाजू. तिथे मुलींना हिऱ्यांच्या संख्येवरून दर्जा दिला जायचा आणि सात हिऱ्यांचा दर तासाला साडेपाच हजार डॉलरपर्यंत होता. तपास यंत्रणेने फोन टॅप केले. ६ मार्च २००८ ला चार चालकांवर आरोप ठेवणारं जे प्रतिज्ञापत्र न्यायालयात उघड झालं, त्यात ग्राहकांना नावं नव्हती, फक्त क्रमांक होते. नवव्या क्रमांकाच्या ग्राहकाने १३ फेब्रुवारीला वॉशिंग्टनच्या मेफ्लॉवर हॉटेलात, ८७१ क्रमांकाच्या खोलीत, न्यूयॉर्कहून रेल्वेने आलेल्या मुलीला ४,३०० डॉलर रोख दिले. त्यातला काही भाग पुढच्या खेपेची आगाऊ ठेव होती. फोनवरच्या संभाषणात वेळ कशावर गेला होता माहीत आहे? ठेवीचं पाकीट पोहोचलं की नाही यावर. पाकीट येईना म्हणून सौदा अडकला होता, आणि एका मोठ्या राज्याचा प्रमुख त्या हिशेबासाठी पुन्हा पुन्हा फोन करत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी याच माणसाने संसदेच्या एका उपसमितीपुढे रोखे विमा कंपन्यांच्या संकटावर साक्ष दिली. त्याच दिवशी वॉशिंग्टनमधल्या एका वर्तमानपत्रात त्यांचा लेखही छापून आला. घरकर्ज देणाऱ्यांच्या लुबाडणुकीला केंद्र सरकार कसं पाठीशी घालत होतं, त्याबद्दल.

वेश्याव्यवसायाच्या खटल्यावर भ्रष्टाचार शाखेचे वकील का, हा प्रश्न बातमीदारांना पडायला वेळ लागला नाही. १० मार्चला न्यूयॉर्क टाइम्सने नाव छापलं. त्या दुपारी स्पिट्झर पत्नीला शेजारी घेऊन जेमतेम मिनिटभर बोलले, माफी मागितली आणि प्रश्न न घेता निघून गेले. पत्नी सिल्डा हार्वर्डमधल्या वकील, नवऱ्याच्या राजकारणासाठी मोठी नोकरी सोडलेल्या. त्यांना तिथे उभं करणं मला आजही अक्षम्य वाटतं. बाकी सगळ्यापेक्षा जास्त. दोन दिवसांनी पुन्हा त्यांना उभं केलं.

आता तुमचा पहिला प्रश्न. कायद्याने राजीनाम्याची सक्ती नव्हती. सरकारी वकील मायकल गार्सिया यांनी राजीनाम्याच्याच दिवशी जाहीर केलं की राजीनाम्याबाबत किंवा इतर कशाबाबतही आमचा त्यांच्याशी कसलाही करार झालेला नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये गार्सिया यांनीच कळवलं की खटला भरत नाही. सरकारी किंवा प्रचाराचा पैसा वापरल्याचा पुरावा नव्हता, पैशांच्या हाताळणीबद्दल गुन्हा सिद्ध होईल इतकं हाती नव्हतं, आणि अशा प्रकरणात ग्राहकावर खटला भरण्याची त्या खात्याची रीत नव्हती.

पण मार्चमध्ये यातलं काहीच कुणाला ठाऊक नव्हतं. समोर दिसत होतं ते असं. टेडिस्को, म्हणजे ज्यांना रोडरोलरची धमकी मिळाली तेच, म्हणाले की ४८ तासांत गेला नाहीत तर महाभियोग आणतो. राज्याचा अर्थसंकल्प १ एप्रिलपर्यंत मंजूर व्हायचा होता, आणि चेहरा बघायला तयार नसलेल्या विधिमंडळाकडून तो करून घ्यायचा होता. उपगव्हर्नर डेव्हिड पॅटरसन हे त्याच विधिमंडळात वाढलेले, सगळ्यांशी गोड. अशा वेळी माणसाला वाचवायला कोण येतं? ज्यांची कामं केली ते, ज्यांची गुपितं सांभाळली ते, ज्यांना कधीतरी माफ केलं ते. स्पिट्झर यांनी कुणालाच माफ केलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट होती, ती सगळ्यात जड. ॲटर्नी जनरल असताना त्यांनी स्वतः वेश्याव्यवसायाच्या टोळीवर खटला भरला होता. गव्हर्नर झाल्यावर २००७ मध्ये मानवी तस्करीविरोधी कायद्यावर सही केली. त्यात ग्राहकाची शिक्षा वाढवलेली होती. बाहेरख्यालीपणा जनता एक वेळ पोटात घालते. अमेरिकेत असे गव्हर्नर खुर्चीवर राहिलेलेही आहेत: दक्षिण कॅरोलिनाचे मार्क सॅनफर्ड पुढच्याच वर्षी प्रेमप्रकरण उघड झाल्यावरही मुदत पुरी करून गेले. स्पिट्झर यांना ती वाट नव्हती, कारण स्वच्छपणा सोडून त्यांच्याकडे दुसरं भांडवलच नव्हतं. १२ मार्चच्या निवेदनात ते म्हणाले, पद किंवा सत्ता काहीही असो, माणसाने आपल्या वागण्याची जबाबदारी घ्यावी असा मी इतरांबाबत आग्रह धरला, स्वतःकडून त्याहून कमी मागू शकत नाही. शेअर बाजारात त्या आठवड्यात टाळ्या पडल्याच्या बातम्या होत्या.

१७ मार्चला पॅटरसन यांनी शपथ घेतली, न्यूयॉर्कचे पहिले कृष्णवर्णीय गव्हर्नर आणि दृष्टीने जवळजवळ अंध. दुसऱ्याच दिवशी त्यांनी आपली आणि पत्नीची जुनी विवाहबाह्य प्रकरणं पत्रकारांसमोर स्वतःच सांगून टाकली. ते खुर्चीवर राहिले.

वॉल स्ट्रीटच्या सुडाबद्दल. शत्रू मुबलक होते, आनंद खरा होता, पण सुरुवात सुडातून झाली असं मला वाटत नाही. बँकेच्या आत अलर्ट कसा निघतो हे ज्याने पाहिलंय त्याला हा तर्क पटत नाही. २००१ नंतर अमेरिकेत बँकांना अहवाल न दिल्याबद्दल मोठमोठे दंड होऊ लागले होते. अशा काळात अहवाल देऊन बँक फसत नाही, न देऊन फसते. त्यात खातेदार गव्हर्नर. फाइल दाबली आणि उद्या बाहेर आली तर कुणाची नोकरी जाईल, हे डेस्कवरच्या माणसाला चांगलं कळतं. मात्र एका साध्या ग्राहकाच्या बाबतीत तपास इतका खोल गेला असता का, हा प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर: नाही. गव्हर्नर होते म्हणूनच लाचेचा संशय आला आणि लाचेच्या संशयानेच फोन टॅप होण्यापर्यंत गोष्ट गेली.

दहा हजारांचं कोडं. अमेरिकेत १९७० च्या बँक सिक्रसी ॲक्टनुसार दहा हजार डॉलरच्या वरच्या रोख व्यवहाराची माहिती आपोआप सरकारकडे जाते. ती टाळायला रक्कम तोडणं हा १९८६ पासून वेगळा गुन्हा आहे, पैसा कितीही स्वच्छ असला तरी. पण हे रोखीचं. एका खात्यातून दुसऱ्यात पाठवलेल्या रकमेला ही मर्यादा लागूच नाही. म्हणजे बातम्यांत आलं तसं पाठवलेल्या रकमेचे तुकडे पाडण्याने स्पिट्झर यांचा काडीचाही फायदा होत नव्हता, उलट तोच ठिपका पडद्यावर उमटला. वॉल स्ट्रीट वाचणारा माणूस, पण बँकेच्या शाखेत मागच्या बाजूला काय चालतं ते त्याला ठाऊक नव्हतं.

हे आपल्याकडेही रोज दिसायचं. पॅन द्यावा लागू नये म्हणून एका दिवसात पन्नास हजारांच्या आतच रोख भरायची, ही युक्ती गल्लीतल्या पोरालाही माहीत होती. म्हणूनच एकोणपन्नास हजारांच्या स्लिपा आमच्या डोळ्यांत खुपायच्या. महिन्याभरातल्या एकमेकींशी जोडलेल्या रोख रकमा मिळून दहा लाखांच्या वर गेल्या की वेगळा अहवाल जातो, आणि संशयाला तर मर्यादाच नाही: हजार रुपयांवरही एसटीआर करता येतो.

राहिला तुम्ही जाता जाता विचारलेला मुद्दा, की बँकेने गव्हर्नरला आधी सावध करायला नको होतं का. तसं करणं तिथे गुन्हा, आणि इथेही मनाई. आमच्या एका शाखेत एक ठेकेदार यायचे (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). सलग सहा दिवस, रोज एकोणपन्नास हजार, नोटांना तोच रबर. सहाव्या दिवशी मी योगायोगाने तिथे होते. स्लिप भरता भरता ते म्हणाले, "मॅडम, काही लफडं नाही ना यात?" त्यांचा अहवाल आदल्या संध्याकाळीच गेला होता. मी म्हटलं, "नाही हो. बसा, चहा सांगते."